मला एकटीला न सापडणारा कंपायलर

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

आजही तेच! 'सीसी: नॉट फाउंड.' कंपायलर सापडत नाही म्हणे. मेल्या, जानेवारीभर सापडत होता की! मी लिहिलेलं मशीनच्या भाषेत करून देणारा तोच एक. तो नाही तर माझा प्रोग्राम म्हणजे नुसतं टायपिंग.

पुराच्या पाण्याचं गणित करणारी लायब्ररी मार्चअखेर उभी करायची आहे. झाली तर प्रोग्रामर म्हणून कायम. नाही तर परत खाली पंच रूममध्ये, आकडे बडवत. (लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, तयार प्रोग्रामांची — बाबांना हे समजावताना जीव गेला.) आणि त्यांनी नागपूरला सगळ्यांना सांगून टाकलंय, 'आमची नीला आता कंप्युटरवाली!' कशाला सांगितलं!

४ फेब्रुवारी

शेवटी मशीनरूममध्ये गेले. मशीनचा सगळा कारभार सदाशिवकाकांकडे. साताऱ्याचे. या हिंदी मुलखातल्या अख्ख्या ऑफिसात माझ्याखेरीज मराठी तेवढेच, पण आजवर नुसतं नमस्कारापुरतं होतं. 'आण पोरी, माझ्याकडून करून घे,' म्हणाले. त्यांच्या लॉगिनवर एका फटक्यात झालं!

मग चहा. काकू गेल्यापासून घरात मराठी बंद झाली म्हणे. 'पोरांना मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देतात गं.' आमचा धाकटा बबन तसलाच. बाई गं, किती बोलले! ऊन उतरलं तरी उठू देईनात.

१२ फेब्रुवारी

परत नॉट फाउंड. परत काका. परत चहा.

२० फेब्रुवारी

सगळं करून पाहिलं. दुसऱ्यांच्या टर्मिनलवर बसले. मॅन्युअल वाचलं, पानं सुटी होईपर्यंत. बाकी सगळ्यांना सापडतो, मला एकटीला सापडत नाही! काका म्हणतात, 'तुझ्याच फायलीत काहीतरी चुकत असेल. राहू दे, मी आहे ना.' माझंच चुकत असणार. काका नसते तर काय झालं असतं माझं?

आज त्यांना ज्वारीची भाकरी आणि ठेचा नेला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. ठेच्यानं, म्हणाले.

५ मार्च

भटनागरसाहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, 'क्यों मैडम, मशीन को आप ही से दुश्मनी है?' हशा. मग मागून कुणीतरी हळूच, 'कोटे वाली हैं, भाई.' मला ऐकू आलं. ऐकू यावं म्हणूनच बोलले ते.

रडले नाही. म्हणजे तिथं नाही, संडासात जाऊन रडले.

बबन म्हणतो, 'दीदी, छोड़ो ना यार, पंच रूम भी तो नौकरी है.' गधा.

१८ मार्च

काका तापानं आजारी, घरीच आहेत. दिवसभर एक ओळ कंपाइल झाली नाही. भटनागरसाहेब येऊन मागे उभे राहिले. रिकामा पडदा बघून गेले. संपलं बहुतेक.

२४ मार्च

ऑर्डर आली. 'स्वतंत्रपणे काम करण्यास असमर्थ.' एक तारखेपासून खाली.

बाबांना सांगितलं. 'बरं,' म्हणाले आणि बूट पॉलिश करायला बसले. सकाळीच केलं होतं पॉलिश. बाबा फौजी; छावणीत सगळ्यांना पेढे वाटले होते त्यांनी माझे. मरून जावंसं वाटतं.

३१ मार्च

वरचा शेवटचा दिवस. दिल्लीहून कंपनीचा इंजिनिअर मशीन तपासायला आला होता. आता काय फरक पडतो, म्हणून विचारून टाकलं. त्यानं माझ्या टर्मिनलवर बसून पाहिलं. हसला.

'कंपाइलर तो यहीं है, मैडम. इस डायरेक्टरी में सिर्फ़ प्रोग्रामर जा सकते हैं. आपका नाम उनमें है ही नहीं.'

म्हणजे ज्याला आत जायची परवानगी नाही, त्याला मशीन 'बंद आहे' म्हणत नाही. 'नाहीच' म्हणतं!

मी म्हटलं, जनवरी में तो चलता था.

'तो फिर किसी ने नाम निकाला होगा.'

कौन निकाल सकता है?

'सुपर यूज़र. वो तो आपके यहाँ एक ही हैं.'

हो, एकच आहेत.

घरी आले. आज भाकरी थापली नाही.

१ एप्रिल

पंच रूम. काकांकडे गेले नाही. काय विचारू? माझी भाकरी खाल्ली त्यांनी!

४ एप्रिल

काका खाली आले. दारातच उभे राहिले. 'तुझं नाव परत घातलंय गं. तुला काढतील असं नव्हतं वाटलं मला, शप्पथ. एकदा तुझं काम चालायला लागलं की तू कशाला येशील माझ्याकडे... पोरी, मराठीत बोलायला कोण आहे मला इथं?'

मी टायपिंग थांबवलं नाही.

'जी, कोई काम था?' म्हटलं.