तू कुणाची गं?

४ जून

चि. धाकट्यास,

अ. उ. आ.

तुझं पत्र आणि नव्या सिनेमाचं पोस्टर पोचलं. पोस्टरवरच्या भुताच्या मनगटावर घड्याळ आहे, हे तुमच्यात कुणाच्याच लक्षात आलं नाही का? मी ते दुकानात लावलं. आमचे मालक म्हणाले, चष्म्याच्या दुकानाला याहून चांगली जाहिरात नाही. हे बनवणाऱ्या सगळ्यांना नंबर लागलेला दिसतो. तुझ्या मागच्या सिनेमात ठोसा बसायच्या आधीच त्याचा आवाज यायचा, हेही ते विसरलेले नाहीत. माझा भाऊ आवाजाचं काम करतो, हे मी तरीही मान ताठ ठेवून सांगते.

तू मागितलीस ती आईची टेप सोबत पाठवते आहे. पाठवताना हात मागे येत होता, खोटं कशाला सांगू. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून मी दुपारच्या जेवणानंतर टेबलक्लॉथखाली टेपरेकॉर्डर ठेवायचे. ती किती वेळा तेच तेच विचारते ते त्यांना ऐकायचं होतं. बहुतेक टेपभर तिचा एकच प्रश्न आहे, तू कुणाची गं, आणि माझं एकच उत्तर, तुझीच, आई. दोन वर्षं, ती जाईपर्यंत, हेच चाललं होतं. तू दोनदाच आलास आणि दोन्ही वेळा तिने तुला दारातच ओळखलं. याचा मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही, म्हणजे फारसा येत नाही.

दुसऱ्या बाजूला, शेवटाकडे, जिथे मी डबीवर पेन्सिलीने खूण केली आहे, तिथे तिने मला एकदाच ओळखलं आहे. तिथे जपून. या टेपची दुसरी प्रत नाही. कॅसेटच्या दुकानात दिली तर कुणीतरी परकं माणूस ऐकेल, म्हणून काढली नाही. तू घरचा आणि वर आवाजातला माणूस, तेव्हा तूच एक प्रत काढ आणि मूळ टेप परत पाठव. कुणाला ऐकवू नकोस.

जेवणाच्या वेळा पाळत जा. माया आहेच, ती पत्राने कळवावी लागते एवढंच.

तुझी,
ताई


१८ नोव्हेंबर

चि. थोरलीस,

मावशीचे अ. उ. आ.

गुडघा तसाच आहे, म्हणजे बरा आहे. शिवणयंत्राला मोटर बसवून घेतली, आता पाय फक्त चपला घालायला लागतात.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. धाकट्याने तिकिटं पाठवली म्हणून शेजारणीला घेऊन त्याचा सिनेमा पाहिला. तुला माहीतच आहे, मला भुतांचे सिनेमे म्हणजे पोरखेळ वाटतात. भुताला भिंतीतून आरपार जाता येतं, पण नायकाची लाथ काही चुकवता येत नाही! ते भूत तीन मजले उडालं तेव्हा पाठीला बांधलेली तार मला चष्म्याशिवाय दिसली. लोक खुर्च्यांवर चढून शिट्ट्या मारत होते. शेजारीण म्हणाली, पैसे परत मागू या.

आणि मग ते भूत बोललं. अगं, माझ्या हातातली पिशवी खाली पडली. माझी बहीण बोलत होती. अगदी समोर बसून विचारावं तसं विचारलंन, तू कुणाची गं. मी शेजारणीला काही बोलले नाही, पण नंतर एकटी जाऊन आणखी दोनदा पाहून आले. लोक हसतात, हसू देत बापडे. मला तेवढीच तिची भेट.

तू एवढ्या मोठ्या मनाने परवानगी दिलीस याचं मला फार कौतुक वाटलं. धाकटा म्हणाला की कल्पना मूळ तुझीच, आईचा आवाज असा टिकून राहील असं तूच त्याला म्हणालीस. मला बाई हे सुचलं नसतं, आणि सुचलं असतं तरी धीर झाला नसता.

ब्लाउजचं माप पाठव. आहे तशीच प्रेमात राहा, म्हणजे मलाही राहता येईल.

तुझी,
मावशी


२७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद.

मावशीचं पत्र आलं. त्यातून मला कळलं की मी परवानगी दिली होती आणि कल्पनाही माझीच होती. बरं झालं कुणीतरी कळवलं.

काल दुपारी मी एकटीच सिनेमाला गेले. मावशीचे कान म्हातारे झाले असतील, अशी मनाची समजूत घालत गेले. पहिल्या प्रश्नाला सगळं थिएटर गप्प झालं, हे खरं आहे. दुसऱ्या प्रश्नाला पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, शेजारच्यांची! त्यानंतर ती विचारायची वाट पाहायला लागले लोक. घरमालकाची, मुकादमाची, तुझ्या नवऱ्याची. एकाने तर सरकारची म्हणून सांगितलं, त्याला टाळ्या मिळाल्या. तिने नऊ वेळा विचारलं. मी सवयीने पहिल्या वेळी उत्तर दिलं, हळूच. शेजारच्या माणसाला वाटलं मीही चेष्टा करते आहे. तो माझ्याकडे बघून हसला आणि त्याने मला शेंगदाणे दिले.

कुणा जुन्या नटीचा आवाज आहे, आईसारखा भासतो, असलं काही मला लिहू नकोस. तिच्या प्रश्नानंतर कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज येतो. तो माझा आहे. तुझीच म्हणण्याआधी मी घ्यायचे तो. शब्द कापलास आणि श्वास ठेवलास. तुझ्या हाताखालचा कुणी असता तर चूक झाली म्हटलं असतं, पण तू बारावीपासून हेच करतो आहेस. तू तो मुद्दाम ठेवलास.

आज दुकानात दोन मुली फ्रेम घालून आरशात बघत होत्या. एकीने घोगरा आवाज काढून दुसरीला विचारलं, तू कुणाची गं. दोघी हसून वाकल्या. मी त्यांच्या फ्रेमचे स्क्रू घट्ट करून दिले. पार्सल घेऊन येणारा माणूस हल्ली दारातून आत येताना मला हेच विचारतो. त्याचा काय दोष?

टेप पाठवून सहा महिने होत आले. ती परत पाठव. दुसऱ्या बाजूला हात लावला नसशील, एवढंच आता धरून चालले आहे. ती जागा माझी आहे. बाकी सगळं तू वाटून टाकलंसच.

ताई


६ डिसेंबर

ती. स्व. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मावशीशी खोटं बोललो, कारण तिने फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला की थोरलीला माहीत आहे ना. आणि तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस.

आमच्या सिनेमांचं कसं असतं ते तुला ठाऊक आहे. कोबीचा गड्डा मोडला की हाड मोडतं, पत्र्यावर साखळी ओढली की आत्मा येतो. चार सिनेमे मी केले आणि चारही वेळा भूत आलं की लोक हसले. पहिल्या खेळाला मी मागे उभा राहतो, ते हसतात आणि मी पायाच्या अंगठ्याकडे बघतो. या वेळी तीन नट्यांचे आवाज घेऊन पाहिले. एक भाजी विकत होती, एक बातम्या देत होती, तिसरी स्वतःच घाबरली होती. त्याच आठवड्यात मी कामाच्या खोलीत तुझी टेप ऐकत बसलो होतो. हेडफोनची वायर निसटली आणि आईचा आवाज खोलीभर झाला. आमच्या स्टुडिओत मिक्सिंग करणारे एक काका चहा ओतत होते, ते ओततच राहिले. चहा टेबलावरून खाली गेला. पंचवीस वर्षं ते आवाजात आहेत, ताई. त्यांनी विचारलं, ही बाई कोण? मी म्हणालो, एक जुनी नटी. मग ते खोटंच पुढे चालू राहिलं.

लोक हसतात ते भीती झाकायला हसतात. पहिल्या प्रश्नाला ते गप्प होतात ते तूही पाहिलंस. श्वासाचं विचारशील तर, सगळ्या सिनेमात तीच एक जागा मला चांगली जमली आहे. कुणीतरी उत्तर देणार आहे आणि देत नाही.

आणखी एक सांगतो. तुझ्याकडे दोन वर्षं आहेत. माझ्याकडे दोन भेटी. हे काम करताना सहा आठवडे मी रोज तिच्या आवाजाशेजारी बसलो. तेवढा वेळ मी तिच्याजवळ लहानपणानंतर कधी बसलो नव्हतो.

आता रागावशील, तरी विचारतो. या वेळी विचारतो, हे लक्षात घे. निर्माते दुसरा भाग काढत आहेत. मी दुसरी बाजू ऐकली. खुणेची जागा ऐकली. सिनेमाच्या शेवटी भूत नायिकेला ओळखतं, असं आम्ही केलं तर? जे हसले तेच रडतील. आई कुणाच्या चेष्टेचा विषय राहणार नाही. हो म्हण.

तुझ्या मायेवर आजवर जगलो, ती आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


१२ डिसेंबर

चि. धाकट्यास,

नाही.

तू कारणं दिलीस म्हणून मीही एक देते. दोन वर्षांत साडेसातशे दुपारी झाल्या असतील. मी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिच्या नखांचे ओरखडे दंडावर घेऊन दुकानात गेले आणि लोकांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. त्यातल्या एका दुपारी तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तू? तू तर माझी थोरली. माझ्या हातातला चमचा पडला. तो उचलून मी वर पाहिलं तोवर ती पुन्हा गेली होती. मला मिळालं ते एवढंच.

तुला दारात ओळखायची. तुला ते पुरलं नाही, याला माझा इलाज नाही.

टेप रजिस्टर पोस्टाने पाठव.

ताई


२० ऑगस्ट

ती. स्व. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

टेप वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. दोन्ही बाजू जशाच्या तशा आहेत, सोबत एक चांगली प्रतही काढली आहे. आठ महिने उशीर झाला. का झाला, ते पुढच्या ओळीत आहे.

ती जागा मी घेतली. तुझं पत्र आलं तेव्हा ठरवलं होतं की घ्यायची नाही. शेवटच्या प्रसंगासाठी पुन्हा नट्या बोलावल्या. निर्मात्यांनी नट्यांचा आणि आईचा, दोन्ही आवाज ऐकले आणि विचारलं की आईचा सोडून दुसरा घ्यायचा म्हणजे मी गंमत करतो आहे का. पटकथेत नायिकेला एक धाकटी बहीण जोडली, म्हणजे ती थोरली झाली. शुक्रवारी सिनेमा लागला. सोबत तिकीट आहे. वाटेल ते बोल, पण पाहून बोल. कुणी हसत नाही, ताई. एक माणूससुद्धा नाही.

पायाशी जागा ठेव, बाकी काही मागत नाही.

तुझा,
धाकटा


३ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

टेप आणि प्रत पोचली. तिकीटही पोचलं. रविवारी दुपारच्या खेळाला जाऊन आले.

तू म्हणालास तसंच झालं. शेवटच्या मारामारीपर्यंत शिट्ट्या होत्या. नायकाने भुताला छपरावरून फेकलं तेव्हा भुताचा केसांचा टोप एका बाजूला आणि भूत दुसऱ्या बाजूला पडलं, आणि लोकांची हसून पुरेवाट झाली. मग नायिका पुढे आली आणि आई बोलली. सातशे माणसांचं थिएटर असेल, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. चमचा पडल्याचा आवाज तू काढून टाकलास आणि तिथे व्हायोलिन घातलंस. काम सफाईदार आहे, सांधा कुठे कळत नाही. माझ्या शेजारच्या बाई हुंदके देत होत्या. माझे डोळे कोरडे बघून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी मला विचारलं, तुमची आई आहे का हो? मी नाही म्हणाले. म्हणूनच, त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून बसल्या.

पहिल्या वेळी लोक हसले, तेव्हा मला तुझा राग आला होता. पण घरी येऊन दार लावलं आणि ती माझ्यापाशी होती. हसणाऱ्यांची ती कुणीच नव्हती, म्हणून ते हसू शकले. या वेळी ते रडले. नायिकेबरोबर त्या सातशे जणांना तिने थोरली म्हटलं, माझ्या शेजारच्या बाईंनाही म्हटलं. मग ती मला काय म्हणाली होती, ते मला आता आठवून पाहावं लागतं. आठवताना व्हायोलिन वाजतं. टेप ऐकून ते जाईल का, हे पाहायचा मला धीर होत नाही.

काल दुकानात एक बाई चष्म्याची दांडी बदलायला आल्या होत्या. तुझा सिनेमा पाहून त्या सात वर्षांनी आपल्या आईकडे गेल्या, असं सांगत होत्या. सांगताना त्यांना रडू आलं, म्हणून काचा मी पुसून दिल्या. चांगलं केलंत, म्हणाले. खरंच चांगलं केलं त्यांनी. हे तुला कळवते आहे, कारण तुझं काम वाया गेलं असं तुला वाटू नये. तू कामात हुशार आहेस. ते मी सगळ्यांना सांगते आणि पुढेही सांगेन.

मला मात्र तू विचारलंस, मी नाही म्हणाले, आणि तू ते ऐकलं नाहीस. आयुष्यभर तू ऐकायचंच काम केलंस.

मावशीला यातलं काही सांगितलेलं नाही. तिसऱ्या भागाचं पोस्टर पाठवू नकोस. दिवाणखान्यात तुझी खाट आहे, तू आलास तर जेवायला वाढीन, पण ये म्हणून पत्र पाठवणार नाही.

या ठिकाणी लोभ वाढावा अशी विनंती लिहायची पद्धत आहे. लोभ आहे. कमी करायचा प्रयत्न केला, होत नाही. आहे तेवढ्यात भागव. वाढवायला सांगू नकोस.

ताई