छापून न येणारी टिंबं

शनिवार, ३ सप्टेंबर

अखेर नोकरी लागली, तीही अलेक्झांड्रियात. कोर्टामागच्या गल्लीतलं टायपिंगचं दुकान, समुद्राचा वारा थेट आत येतो. दमनहूरहून निघताना आईनं फतीरचा, तुपातल्या पदरदार रोट्यांचा, डबा हातात दिला आणि बजावलं, की शुक्रवारी घरी आली नाहीस तर मी स्वतः येऊन कान धरून नेईन. मी म्हटलं, ये, तेवढाच समुद्र पाहशील.

दुकान एका खोलीचं. उजव्या भिंतीला दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर, डावीकडे रस्त्याचं दार. मालक उस्ताद अद्ली दारापाशी बसून गिऱ्हाइकांशी घासाघीस करतात. भाडेकरार, मुखत्यारपत्र, गाड्यांचे विक्रीकागद, सगळं इथं टाइप होतं. दुसरी खुर्ची सुहैर नावाच्या मुलीची. ती मे महिन्यात न सांगता निघून गेली. उस्ताद म्हणाले, आजकालच्या पोरींना जाताना सलाम करायचीही फुरसत नसते.

कामाची रीत सोपी आहे. कोरं पान कधी उघडायचं नाही. 'आई' नावाची एक जुनी फाइल आहे, समास आणि ओळी आधीच बसवलेली. ती उघडायची, जुन्या मजकुरावर नवा लिहायचा आणि दुसऱ्या नावानं ठेवून द्यायचा. आईला धक्का लावायचा नाही. माझा हात अजून जड आहे, म्हणून गिऱ्हाईक येईपर्यंत मनात येईल ते टाइप करत बस, असं त्यांनी सांगितलं. म्हणून ही रोजनिशी.

रविवार, ४ सप्टेंबर

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. नाव बदलायला विसरले आणि माझी रोजनिशी 'आई'वरच जाऊन बसली. उस्तादांना अजून पत्ता नाही.

आज फाइल उघडली तर पानभर चिन्हं. शब्दाशब्दांमध्ये टिंब, आणि परिच्छेद संपतो तिथं एक मोठ्या डोक्याचं, दोन पायांवर उभं, तोंड फिरवलेलं काहीतरी. माझ्याकडून कुठलं बटण दाबलं गेलं देवाला ठाऊक. ही छापून येत नाहीत, पण उस्ताद वैतागले. म्हणाले, गिऱ्हाईक बघतं आणि म्हणतं, माझ्या करारावर माश्या बसल्यात. काढून टाक.

कोपऱ्यावरच्या कॅफेतून बर्ईकाका चहा आणतात. आज त्यांनी एक ग्लास माझ्यापुढे ठेवला, एक रिकाम्या खुर्चीपुढे, आणि स्वतःलाच हसले. इतके महिने नाही आणि आजच कसा हात चुकला, पोरी, म्हणाले. म्हातारपण आलं म्हणायचं. दोन्ही चहा मीच प्यायले.

मंगळवार, ६ सप्टेंबर

बटण सापडलं. वरच्या पट्टीतच होतं, त्या मोठ्या डोक्याचंच चित्र असलेलं. दाबलं, पान लख्ख झालं. मी खूश.

तेवढ्यात एक वकील आत आले. माझ्या खुर्चीकडे बघून उस्तादांना विचारू लागले, की टाइप करायला कुणी नाही का. मी म्हटलं, मी आहे ना. उस्तादांनी दाराबाहेर डोकावून माझ्या नावानं हाक मारली, निहाल, कुठे उलथलीस म्हणून. मला वाटलं, दोघं मिळून नवीन मुलीची फिरकी घेताहेत. बर्ईकाका चहा घेऊन आले, उस्तादांना दिला आणि मला न देता गेले.

मला रडू फुटलं. काही सुचेना म्हणून तेच बटण पुन्हा दाबलं. टिंबं परतली, आणि उस्ताद दचकले. अगं, आलीस कधी, म्हणाले. बाहेर जायचं तर सांगून जात जा, तुझी सुहैर नको व्हायला.

बुधवार, ७ सप्टेंबर

लिहिलेलं न पुसता लपवून ठेवता येतं, हे मला माहीत नव्हतं. चिन्हं दिसू लागली, की लपलेला मजकूरही दिसतो, खाली टिंबांची रेघ असलेला. माझ्या ओळींखाली तशा ओळी आहेत. माझ्या नाहीत.

"काकांनी आज चहा दिला नाही."

"मी इथेच आहे, उस्ताद. सलाम करूनच जाईन, आधी जाऊ तर द्या."

मान वळवून शेजारी बघायचा धीर झाला नाही. मग माझा शनिवारचा मजकूर वर जाऊन पाहिला. त्याच्याखालीही टिंबांची रेघ आली आहे. तो उचलून दुसऱ्या फाइलमध्ये टाकला, तर तिथं नुसती टिंबं उमटली, शब्द एकही नाही.

गुरुवार, ८ सप्टेंबर

उद्या घरी जायचं म्हणून लवकर निघाले. दारातून पाऊल बाहेर टाकलं, आणि उजव्या भिंतीपाशी माझ्याच खुर्चीत बसलेली होते. पुन्हा गेले. पुन्हा खुर्चीत. अरबी ओळ डाव्या समासाला टेकली, की पुढचा शब्द गुमान परत उजवीकडून सुरू होतो, तसं.

आईला फोन लावला. मी बोलत होते आणि ती हॅलो, हॅलो, कोण आहे, एवढंच म्हणत राहिली. मग तिनं ठेवून दिला.

मला फार भीती वाटते आहे.

शनिवार, १० सप्टेंबर

चिन्हं चालू आहेत. तरी कुणी बघत नाही. म्हणजे दिसते मी, पण टिंबं वगळून नजर जशी पुढे जाते, तशी मलाही वगळून जाते. गिऱ्हाइकं मला वळसा घालतात, स्टुलाला घालावा तसा. काल दुकान बंद होतं. मी आतच —

उस्ताद दोन बोटांनी स्वतः टाइप करतात, 'आई' उघडून, माझ्यावर. माझी बोटं कळांना लागत नाहीत. मनात येतं ते पानावर उमटतं, खाली रेघ घेऊन.

शेजारच्या खुर्चीची गादी दबलेली आहे. बर्ईकाकांनी आज तीन ग्लास आणले, का ते त्यांनाही कळलं नाही.

उस्ताद त्यांना सांगत होते, हीही गेली, सलामसुद्धा नाही.

सोमवार, १२ सप्टेंबर

गुरुवारी बाशमुहंदिस लमई येणार, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा इंजिनिअर. फाइल साफ करायला, माश्या कायमच्या घालवायला.

चिन्हं बंद असताना सुहैर होती कुठे, मेपासून — विचारलं तिला. खाली एकच ओळ आली.

"खुर्चीतच. पण मलाही मी दिसत नव्हते."

गुरुवार, १५ सप्टेंबर

आला आहे. पानावर उमटतंय ते बघून हसतोय. म्हणतो, कचरा आहे, उस्ताद, एका बटणाचं काम.

दारात कुणीतरी — काळी अबाया, हातात डबा —

आई.

उस्ताद तिला बसा म्हणताहेत. सांगताहेत, कधीच गेली हो तुमची मुलगी, या वयाच्या पोरी अशाच. ती बसत नाही. म्हणते, माझी निहाल मला न सांगता गल्ली ओलांडायची नाही.

ती खोली बघते आहे. भिंत. ग्लास. इकडे —

थांबली. माझ्यावर थांबली नजर. तोंड उघडलं तिनं —

लमई, हात काढ, एक क्षण, तिनं पाहिलं आहे मला, आई, इकडेच बघत राहा, पापणी लवू देऊ नकोस, कान धर माझा आणि घेऊन च