पाठीवरचे गोल डाग

३ जून
माझा उजवा अंगठा मला खरा कितीला पडला, ते आज मांडून पाहिलं. उस्तादाच्या घरी नऊ वर्षं पाणी भरलं, दोन सांधे कायमचे सुजले, स्वतःच्या लग्नात जेवायच्या काड्या धरता आल्या नाहीत. पण आज अख्ख्या यांगचौत मालिश करावी ती शाओनंच. या गल्लीत मला न कळलेली पाठ नाही.

५ जून
मियाओ दुकान सोडून गेला. सहा वर्षं शिकवलं त्याला. म्हणाला, "उस्ताद, गावी आई आजारी आहे." गुणी पोरगा. वाटखर्चाला पैसे दिले.

९ जून
मियाओची आई फारच लवकर बरी झाली. त्यानं मागच्या गल्लीत आजच तुंबड्यांचं दुकान उघडलं. काचेच्या पेल्यात जाळ फिरवायचा आणि पेला पाठीवर चिकटवायचा. ही काय विद्या झाली? महिन्यात बंद पडेल. निश्चय : चिडायचं नाही.

१२ जून, सकाळ
जुनं गिऱ्हाईक बियान मास्तर, पाठ दाबताना कळवळले. चादर सरकवली, तर पाठीवर सात गोल डाग. म्हणे, डास चावले. बशीएवढे डास? "यंदा उन्हाळा कडक आहे, शाओभाऊ."

१५ जून
गद्दारांची यादी सुरू. जांभळा डाग कालचा, तपकिरी चार-पाच दिवसांचा, पिवळट त्याहून जुना. आज पाच जणांना गाठलं. चार गद्दार. पाचवा पाठ न दाखवताच निघून गेला. (चिडलो नाही.)

१७ जून
बायको रुईझेन म्हणाली, "अहो, गिऱ्हाइकांचे सदरे काय वर करताय? लाज आहे का काही?" तिला सांगितलं, जगात तू एकटीच माझ्याशी इमानी. ती शेंगा सोलत राहिली. एवढ्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं. थंडी वाजते म्हणे. बायकांच्या तब्येती!

२० जून
रुईझेन कपडे वाळत घालत होती. हात वर केले, सदरा सरकला. जांभळे, तपकिरी, पिवळट. तीन फेऱ्या. पिवळट म्हणजे त्यानं दुकान उघडलं त्याच दिवशीचे!
आरडाओरडा केला. ती शांतपणे म्हणाली, "चार वर्षं दुखतंय. दरवेळी म्हणालात, गिऱ्हाईक संपलं की बघतो."
आत्ता बघतो म्हटलं. कुठं दुखतं, विचारलं.
म्हणाली, मियाओला माहीत आहे.