रंगाखालची फळी

प्रिय अण्णा,

आज सकाळी एसटीनं मुखेडला आले. आईला सगळं सांगून झालं, पोटभर जेवले, आणि मग वाटलं, हे खरं तर तुम्हालाच सांगायचं होतं. तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. तरी सांगते.

मला नोकरी लागलेली तुम्ही पाहिली नाहीत. समुद्रकाठी जुन्या जहाजांचं संग्रहालय आहे. तिथलं एक लाकडी, शिडाचं जहाज लोकांसाठी उघडण्याआधी तपासायचं काम माझ्याकडे आलं. डेकवर नवा रंग होता. मी वाकून फटी पाहिल्या, फोटो काढले आणि ‘सुरक्षित’ लिहून सही केली. फक्त ठोकून पाहिलं नाही.

का, सांगू? संग्रहालयातल्या शिकलेल्या लोकांना मी तुमचं सुतारकाम ‘फर्निचरचा व्यवसाय’ म्हणून सांगितलं होतं. त्यांच्यासमोर हातोडी घेऊन गुडघ्यावर बसायची लाज वाटली हो!

आठवतं? बाजाराच्या दिवशी एकानं नवा रंग दिलेली बैलगाडी तुम्हाला दाखवायला आणली होती. तुम्ही चाक ठोकून पाहिलंत, ते बद्द वाजलं, आणि म्हणालात, “पाव्हणं, हिच्यात लेकरं बसवू नका.”

“रंग बघ की! लई शहाणा हाईस!” म्हणत तो निघून गेला. मी शाळेच्या ड्रेसमध्ये तिथंच उभी होते. घरी येऊन तुमच्यावरच चिडले, गिऱ्हाईक घालवता कशाला म्हणून. तुम्ही पटाशीला धार लावत बसलात. तेव्हा एकदा समजावून सांगायचं ना, अण्णा!

सही केल्यापासून ती बैलगाडी डोळ्यांसमोरून हलेना. सोमवारी शाळेची मुलं जहाज बघायला येणार होती. रविवारी हातोडी घेऊन गेले. डोलकाठीजवळची एक फळी बद्द वाजली. तिथूनच संग्रहालयाच्या प्रमुख सरांना फोन केला.

“सर, माझी सही चुकली. सहल थांबवा.”

“अगं, फोटोत फळी ठणठणीत दिसते की! कशावरून म्हणतेस?”

“ठोकून पाहिली. माझे वडील बैलगाड्या करायचे, सर. त्यांच्याकडून शिकले.”

बोलले आणि एकदम हलकं वाटलं.

सहल थांबली. तीन दिवस सहकाऱ्यांचे टोमणे ऐकले. “मराठवाड्यातली बाई समुद्राला शिकवायला आली!” नोकरी जाईल, हे मी धरूनच चालले होते. मग फळी उचलली. रंगाखाली नुसता ओला भुसा, आणि खाली पुरुषभर खोल पोकळी! सरांनी तो भुसा बोटांनी चिवडून पाहिला. मग म्हणाले, “बाकीच्या फळ्याही तूच ठोकून बघ.”

आईला सांगताना मला रडू आलं.

“कोन पडलं का?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मंग कशाला रडायलीस?”

दोघी हसत सुटलो. किती दिवसांनी हसले, अण्णा!

नवी फळी पुढच्या आठवड्यात येईल. मला पटली नाही, तर परत पाठवीन. जहाज उघडायला उशीर झाला तरी, कुणी काहीही म्हटलं तरी. शब्द देते.

तुमची लेक,
रेखा