कापूसखोलीतील धडे

३ डिसेंबर
पोहोचले, आणि प्रसन्न आहे. कळंबच्या बाहेर, तांड्याला लागून लालसिंग यांच्या घराचा मागचा भाग भाड्याने मिळाला. त्यातील एक खोली जवळजवळ छतापर्यंत कापसाने भरलेली. ती उद्याच रिकामी करून देतो, असे ते संकोचाने म्हणाले. मी एका बोंडालाही हात लावू दिला नाही. टाळी वाजवली तर तिचा नाद हातातच विरतो. पुण्यातील कोणत्याही स्टुडिओला अशी खोली साधलेली नाही. मॅडम कापसाले गिटार शिकवून राह्यल्या, असे लालसिंग पत्नीला, शीलाबाईंना, सांगत होते. हसोत बापडे.

‘घरच्या घरी गिटारचे ध्वनिमुद्रण’ ही नवशिक्यांसाठीची माझी मालिका येथेच सिद्ध होईल. पुण्यातील ज्या संस्थेत मी शिकवत असे, तिने माझ्या जागी ज्या रजतला बसवले, त्याला स्वतःचा श्वाससुद्धा मुद्रणातून काढता येत नाही. माझा प्रत्येक धडा त्याच्या कानशिलात बसेल.

५ डिसेंबर
पहिला धडा. माइक गिटारच्या भोकासमोर धरू नये, आवाज घुमतो. गळा जिथे पेटीला मिळतो त्या रोखाने, वीतभर अंतरावर ठेवावा. वाजवण्याआधी खोलीची नुसती शांतता मुद्रित करावी आणि तोच नमुना संगणकाला देऊन एवढे वजा कर, असे सांगावे. नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात.

माझ्या नमुन्यात एक स्त्री रडत होती. अतिशय क्षीण, परंतु सुरात. बंजारा स्त्रिया सासरी निघताना असे गाऊन रडतात, त्याला ढावलो म्हणतात, हे वाचून ठाऊक होते. तांड्यात लग्न असावे. सूर सच्चा होता, हे मान्य करते. तरीही माझ्या मुद्रणात तो मळच. वजा केला. धडा निर्मळ उतरला.

८ डिसेंबर
आजही रडणे, अधिक जवळून. लग्न कोणाकडे आहे, असे शीलाबाईंना विचारले. त्यांच्या हातातले सूप खाली आले. लग्न कुठेच नाही, म्हणाल्या. लालसिंग यांची थोरली वहिनी सुखीबाई नवरी होऊन या घरात आली, तरी तिचा ढावलो थांबेना. पाहुण्यांसमोर शोभा होते म्हणून सासरे धावजी यांनी तिला याच कापसाच्या खोलीत कोंडले. ढीग तिच्यावर घसरला. ती ओरडली असणारच. कापसाने काही बाहेर येऊ दिले नाही. पुढे धावजींची वाचा गेली, ती मरेपर्यंत परतली नाही.

ढावलो एकटीचा नसतो, समोरचीने गळ्यात पडून रडायचे असते, असेही त्यांनी सांगितले. ते रडणे मी मुद्रणातून वजा केले, हे ऐकून मग मलाच सुनावले: तुमी तं तिले पुसूनच टाकलं, बाई! घडीभर रडा ना तिच्यासंगं, तुमचं काय जाते?

ध्वनिशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेली मी कापसाच्या गळ्यात पडणार नाही.

११ डिसेंबर
नवा नमुना घेतला. ती इतकी स्पष्ट होती की शब्द लागावेत. संपूर्ण वजा केली आणि मूळ मुद्रणही पुसले. आनंद झाला, हे लपवत नाही; माझ्या कामात कोणी आडवे आलेले मला खपत नाही.

मात्र धड्यातील माझ्या ‘नमस्कार’मधला ‘न’ गायब आहे. वायर बदलली.

१३ डिसेंबर
वायरीचा दोष नव्हे. जेवढी तिला वजा करते, तेवढी मी उणी होते. गिटार शाबूत, पंखा शाबूत, अंगणातील कोंबडासुद्धा शाबूत. निवेदनातील वाक्येच्या वाक्ये नाहीत.

प्रसिद्ध झालेल्या पहिल्या धड्याखाली रजतने लिहिले आहे: रडणारी बाई अप्रतिम. शिक्षिका कुठे आहे?

तो धडा मी निर्मळ करून दिला होता. आता पुन्हा ऐकला. माझ्या प्रत्येक वाक्याच्या जागी ती आहे.

१४ डिसेंबर
लालसिंग यांना ओसरीवरून हाक मारली. वळले नाहीत. मी समोर जाऊन बोलले. ते हसले — मॅडम, नुसतं तोंड काहून हलवून राह्यल्या, उपास हाय का आवाजाचा? — मग माझा चेहरा पाहून हसू थांबले.

घसा दुखत नाही. श्वास आहे. आवाज नाही.

१५ डिसेंबर, दुपार
रडणार आहे. शीलाबाईंना लिहून दाखवले. त्या सोबत आल्या, पण उंबरठा ओलांडेनात. दाराबाहेर पाठ करून बसल्या आहेत.

ढिगाशी बसले. वही मांडीवर. रडू खरेच आले, मलाच आश्चर्य — डोळे वाहत आहेत, तोंड उघडे, आणि काहीही —

जोरात रडा, बाई, तिले ऐकू नाही गेलं, शीलाबाई बाहेरून म्हणत आहेत.

मी रडते आहे. मी रडतेच आहे.

ती आली. गळ्याभोवती हात, मऊ, दोन्ही — साथ मागते — माझ्याकडे द्यायला —

थांबली.

माझ्या खांद्यामागून कोणीतरी बोलले. झालं शीलाबाई, मी तुमच्या पाठीमागून बाहेर आले, दार लावून घ्या. शुद्ध, स्वच्छ उच्चार. ‘न’सुद्धा. माझा आवाज —

मी बाहेर नाही, शीलाबाई, मी अजून आतच —

कडी. त्या देवाचे नाव घेत लांब जात आहेत. मी दारावर मुठी — कापूस मध्ये येतो — वरून —