एकही हात वर झाला नाही

सोलापूर,
१८ जानेवारी २०२५

चि. संघप्रिया हिस,
सप्रेम जयभीम.

तुझा भाऊ सतीश मंडईत भेटला, त्याच्याकडून तू टेंभुर्णीला आईकडे सुखरूप आहेस एवढे कळले. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, त्याला कुरकुरू देते. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरली, त्यामुळे रिक्षावाले पुन्हा माणसासारखे बोलू लागले आहेत.

आता कामाचे. मैंदर्गीच्या पुढच्या त्या शाळेत परवा संस्थेच्या आरोग्य कार्यक्रमाची दुसरी पाहणी करून आले. ऑगस्टमधल्या पहिल्या पाहणीला तिथे आरोग्य शिकवणारी ताई म्हणून तू बरोबर होतीस. या वेळी नव्हतीस, म्हणून तुझीच पद्धत मी वापरली. सातवीच्या मुलांना बाकावर डोके टेकून डोळे मिटायला सांगितले आणि तुझेच प्रश्न विचारले. जेवणाआधी साबणाने हात कोण धुते, लोहाची गोळी कोण गिळते आणि कोण खिडकीतून टाकते, सगळे विचारले. उत्तरे चांगली आली. आणि मिश्री कोण लावते, या प्रश्नाला एकही हात वर झाला नाही. ऑगस्टमध्ये सात हात होते. ज्या गावात बायका सकाळी चहाआधी मिश्री लावतात, तिथे सातवीच्या वर्गात शून्य. संस्थेचे साहेब फोनवर म्हणाले, ‘बाई, आता हे आरोग्य शिक्षण सगळ्या तालुक्यांत न्यायचं.’ अहवाल मी पाठवून दिला आहे.

हे यश तुझे आहे, आणि तू घरी बसली आहेस. हे मला पटलेले नाही. नोव्हेंबरात काम सोडताना तू लिहिलेस, ‘बाई, मला मुलांचा विश्वास राखता आला नाही.’ एका मुलीच्या वडिलांनी शाळेत येऊन चार शब्द सुनावले म्हणून कोणी काम सोडते का? पालक ओरडतातच. मुख्याध्यापिका असताना मी काय कमी ऐकून घेतले? आठवीत गणितात नापास झालीस तेव्हा तुला म्हटले होते, ऊठ आणि पुन्हा सोडव. आजही तेच म्हणते.

ती मुलगी, पिंकी, वर्गात नव्हती. अजून शाळेत येत नाही म्हणे. तिच्याबद्दल अधिक काही कळले नाही.

उत्तर लिही. आईला नमस्कार सांग.

हेमलता उपासे
(निवृत्त मुख्याध्यापिका)


सोलापूर,
२ फेब्रुवारी २०२५

संघप्रिया,
सप्रेम जयभीम.

तुझे उत्तर आले नाही. बरे झाले. त्या पत्रात उत्तर देण्यासारखे काही नव्हते. ते फाडून टाकलेस तरी चालेल.

‘इकडील सर्व ठीक’ असे लिहायची पद्धत आहे. आज ती पाळत नाही.

त्या शून्याबद्दल मी तुला अर्धेच लिहिले होते. मुलांनी हात वर केले नाहीत हे खरे. पण मिश्रीचा प्रश्न विचारताच बहुतेकांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, हे मी लिहिले नाही. अंकिताने तर एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, ‘अंकिता, डोळे मीट.’ ती म्हणाली, ‘तुमी मिटा की आदी.’ एरवी अशा उत्तराला वर्ग हसतो. कोणी हसले नाही.

मला तिथेच कळले होते. तरी अहवालात शून्य लिहिले आणि तुला अभिनंदनाचे पत्र लिहिले.

ऑगस्टमध्ये काय झाले ते आता सांगते. वर्गात जाण्याआधी तू मला बाजूला घेऊन म्हणालीस, ‘बाई, मी फक्त हात मोजते, कुणाचा ते बघत नाही. तुम्ही पण डोळे मिटा. पोरं त्याच भरवशावर हात वर करतात.’ मी मान डोलावली. आणि डोळे उघडे ठेवले. पाहणीला आलेल्या माणसाने डोळे मिटून काय पाहायचे, असे मला वाटले. वर्गात मी उभी असताना कोणाचे काय चालले आहे हे मला कळलेच पाहिजे, ही जुनी खोड. त्या सात हातांतल्या एका बाहीला निळ्या गणवेशावर हिरव्या कापडाचे ठिगळ होते. ते मधल्या सुट्टीत मी पाहिले होते. पिंकीचे.

शाळा सुटल्यावर तू वर्ग आवरत होतीस. मी एसटीच्या थांब्यावर जाऊन बसले. तिथे पिंकीची आई रत्नम्मा बसली होती, शेजारी तिची थोरली जाऊ. रत्नम्मा हिरड्यांवर मिश्री फिरवत होती. मला पाहून तिने पदराने तोंड पुसले आणि विचारले, ‘आमची पिंकी नीट शिकती का बाई?’

पालक भेटला की मुलाचे एक कौतुक सांगायचे आणि एक तक्रार सांगायची, ही माझी रीत. नुसते कौतुक केले तर पालक शेफारतात, असे मी नव्या शिक्षिकांनाही सांगत असे. त्याप्रमाणे कौतुक केले. मुलगी हुशार आहे, अक्षर मोत्यासारखे आहे. मग तक्रार सांगितली. ‘पण मिश्री लावते. तुमचं बघूनच ना?’

जाऊ हसली. ‘घ्या. आय तशी लेक,’ एवढेच म्हणाली. तेवढ्यात गाडी आली. मी चढले. खिडकीची जागा मिळाली म्हणून मला बरेसुद्धा वाटले.

जावेने ते गावभर केले. चार दिवसांनी पिंकीचे वडील धुळाप्पा शाळेत येऊन तुझ्यावर तुटून पडले. ‘पोरींचं गोड बोलून काढून घ्यायचं आन् गावात पसरवायचं, हेच शिकवता व्हय?’ हे तूच मला फोनवर सांगितलेस. पोरींना विचारणारी तू, म्हणून फोडणारीही तूच, असे त्यांनी धरले. पिंकीची शाळा बंद झाली. मुलांनी अंकितावर आळ घेतला, कारण ती डोळे किलकिले करते.

त्याच फोनवर तू मला विचारलेस, ‘बाई, तुम्ही डोळे मिटले होते ना?’

मी म्हणाले, ‘म्हणजे काय!’

तू म्हणालीस, ‘मग माझंच कुठंतरी चुकलं.’

मी फोन ठेवला आणि भाजी फोडणीला टाकली. तू पुन्हा विचारले नाहीस. मी सांगितले नाही. खोटे बोलणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभे करत असे. आणि तू काम सोडून गेल्यावर तुला ‘ऊठ’ म्हणून उपदेश केला. तो शब्द मी मागे घेते.

गुरुवारी कोणी न पाठवता मी त्या गावाला गेले. रत्नम्मा अंगणात तूर बडवत होती. हात न थांबवता म्हणाली, ‘आता आनि काय सांगायचं राहिलंय व्हय बाई?’

पिंकी शेळ्यांपाशी बसली होती. तिचा डावा गाल सुजून डोळा बारीक झाला होता. बोटावर मिश्री घेऊन ती दाढेवर दाबत होती. मला पाहून हात पाठीमागे नेला.

‘दाढ ठणकती म्हणून लावती ती,’ रत्नम्मा म्हणाली. ‘मीच दिली पयल्यांदा. दुसरं काय हाय हितं?’

संघप्रिया, ऑक्टोबरात तू शाळेत दातांचे डॉक्टर आणले होतेस. कोणाचे नाव घ्यावे लागू नये म्हणून सगळ्या वर्गाचे दात तपासून घेतलेस. हात वर करणाऱ्यांसाठीच तो खटाटोप होता, हे तेव्हा मला समजले नव्हते. खर्च वाढला म्हणून मी शेराही मारला होता. ज्या मुलीला त्याची गरज होती ती त्या दिवशी घरी होती. माझ्यामुळे.

मी रत्नम्माला म्हणाले, आत्ता अक्कलकोटला चला. तिने बडवलेली तूर गोळा करून झाकली. मग आत जाऊन लुगडे बदलून आली. जीपमध्ये पिंकी आईच्या पलीकडे बसली, माझ्याकडे नाही.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. दाढ काढावी लागेल म्हणाले. तीन महिन्यांपूर्वी आणली असती तर भरता आली असती. मग त्यांनी विचारले, ‘मिश्री लावतेस का गं?’

पिंकीने डॉक्टरांकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले. आणि म्हणाली, ‘न्हाय.’

तिच्या हिरड्या काळ्या पडल्या होत्या. डॉक्टरांना दिसत होत्या, मला दिसत होत्या. तरी ती ‘न्हाय’ म्हणाली, आणि मी साहेबांना कळवलेले शून्य कसे तयार झाले ते मला समोर दिसले.

मी उठले. ‘आम्ही बाहेर बसतो,’ म्हणाले आणि रत्नम्मालाही उठवले. बाहेरच्या बाकावर बसून मी डोळे मिटले. आता त्याचा उपयोग नव्हता, पण मिटले. दार नीट लागत नव्हते. आतून डॉक्टरांचा आवाज आला, ‘कधीपासून?’ थोड्या वेळाने पिंकीचा, ‘चौथीपासनं.’

मी रत्नम्माला सांगितले, ‘संघप्रियानं मला काही सांगितलं नव्हतं. तिनं डोळे मिटायला सांगितले होते. मी मिटले नाहीत.’

ती म्हणाली, ‘मला ठावं हाय की. तुमीच तर बोललाव थांब्यावर. पर मालकाला न्हाय सांगितलं मी. सांगितलं असतं तर मलाच इचारलं असतं, तितं गप का ऐकून घेतलंस.’ मग पदराचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, ‘दोगीबी गप बसलो म्हना की. आन् त्या पोरीला लावलं घालवून.’

नर्सने पिंकीला बाहेर आणले. तिच्या तोंडात कापूस होता. मी विचारले, ‘शाळेत येशील?’ तिने कापसातूनच विचारले, ‘संघप्रियाताई हायत का?’ मी नाही म्हणाले. तिने खांदे उडवले.

संस्थेला मी लेखी कळवले आहे की ते शून्य खोटे आहे. मुलांनी मिश्री सोडलेली नाही, सांगणे सोडले आहे, आणि त्याला कारण मी आहे, तू नाहीस. साहेबांचा लगेच फोन आला. ‘बाई, आता असं लिहिलंत तर पुढच्या वर्षी कार्यक्रमच बंद होईल. शून्य राहू द्या. कोण बघायला जातंय?’ मी म्हणाले, मी बघायला गेले होते. ते चिडले. या महिन्यात त्यांची बैठक आहे. कार्यक्रम चालू राहील की नाही हे मला सांगता येत नाही. म्हणजे तुला परत ये म्हणताना मी तुला कदाचित नसलेल्या नोकरीवर बोलावते आहे. हे लपवून तुला बोलावणार नाही. एकदा लपवले तेवढे पुरे.

मला क्षमा कर असे लिहिणार होते. दोनदा लिहून खोडले. क्षमा मागितली की तुला द्यावीशी वाटेल, तुझा स्वभाव मला माहीत आहे. ते ओझे तुझ्यावर नको. एवढेच सांगते की त्या वर्गात तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आता माझा नाही. मी कितीही डोळे मिटले तरी मुले हात वर करणार नाहीत. तू विचारलेस तर कदाचित करतील, तेही एका दिवसात नाही. यायचे की नाही ते तू ठरव. नाही आलीस तरी मी बोल लावणार नाही.

उद्या सोमवारी सकाळच्या गाडीने मी तिकडे जाते आहे. मुख्याध्यापकांना सांगितले आहे, धुळाप्पांनाही निरोप दिला आहे. ते आले तर त्यांच्यासमोर, नाही आले तर त्यांच्या घरी जाऊन खरे सांगेन. सातवीच्या मुलांना उद्या डोके टेकायला सांगणार नाही. डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघा म्हणणार आहे. मग विचारणार आहे, ‘पिंकीचं नाव कोणी फोडलं?’ अंकिताने नाही, ताईंनी नाही.

हात मी वर करणार आहे.

डोळे न मिटलेली,
हेमलता