दोन लाल ठिपके

ता. ३ नोव्हेंबर

चि. भुंगा यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनच केला असता, पण आपल्या घराच्या भिंती तुला ठाऊक आहेत. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी बाबांना बाहेरच्या खोलीत ऐकू जातं, आणि गोल्फचं नाव निघालं की ते उठून चपला घालतात. म्हणून हे सकाळच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तूही उत्तर त्याच्याकडेच दे, म्हणजे तो माझ्या चष्म्याच्या दुकानात आणून टाकेल.

पेपरात त्या गोल्फवाल्या महाराजांचा फोटो पाहिला. केस काळे करून घेतलेत, दात पांढरे करून घेतलेत, मन तेवढं रंगवायचं राहिलंय. तुझ्याच स्पर्धेत खेळणार म्हणे. वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तू तेव्हा लहान होतास, तुला सगळं ऐकून ठाऊक. मी प्रेक्षकांच्या दोरीच्या या बाजूला उभी राहून डोळ्यांनी पाहिलंय. बाबा त्याचे कॅडी होते, वर्षानुवर्षं त्याची बॅग खांद्यावर वाहिली. त्या दिवशी महाराजांनी उंच गवतात दुसऱ्याचाच चेंडू मारला. बाबांनी आधी दोनदा सांगितलं होतं की वाकून चेंडूवरची खूण बघा. पण दंड लागल्यावर महाराज गर्रकन वळले आणि सगळ्यांसमोर ओरडले की या माणसाने मला चुकीचा चेंडू दाखवला. वर हातातला टॉवेल बाबांच्या तोंडावर फेकला. बरोबरचा खेळाडू शेजारीच होता, सगळं त्याच्या कानावर गेलं होतं, पण तो वाकून बुटाची नाडी बांधत बसला. बाबांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही. त्यानंतर कोणी त्यांना बॅगेला हात लावू दिला नाही, आणि आता ते लोकांच्या बॅगांच्या चेन दुरुस्त करतात.

तर भुंग्या, जिंकलास तर उत्तमच. पण त्या माणसाला पाणी पाजल्याशिवाय परत येऊ नकोस. जेवणाची आबाळ करू नकोस. माझा लोभ तुझ्यावर आहेच, राग मात्र सगळा त्याच्यासाठी बांधून पाठवते आहे, जपून ने.

तुझी,
ताई

*

ता. ८ नोव्हेंबर, शनिवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवलंय. पहिल्या दिवशी वाऱ्याने सगळ्यांची भंबेरी उडवली, माझी जरा कमी. दुसऱ्या दिवशी हात असा चालला की माझी बॅग वाहायला आलेला मित्र (बिचारा सुट्टी घेऊन आलाय, दर संध्याकाळी पाय चेपत बसतो) म्हणाला, हा तूच आहेस ना, की कोणी बदली पाठवलाय? आज मात्र महाराज सुटले. ताई, तोंड वाकडं करू नकोस, पण माणूस खेळतो सुरेख. आता माझ्यापेक्षा एक फटका कमी घेऊन तो पुढे आहे आणि त्याच्या मागे मी. उद्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघं एका जोडीत खेळणार.

मी कोणाचा मुलगा हे त्याला माहीत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि उद्या जास्त घाबरू नकोस म्हणाला. हसलो, पण हातातला काटा वाकला. त्याचा कॅडी बाबांच्याच वयाचा आहे, मान जरा तिरकी करून चालतो. महाराज त्याला हाक मारत नाहीत, चुटकी वाजवतात.

एक गोष्ट विचारायची आहे. आपला चेंडू ओळखू यावा म्हणून प्रत्येक जण त्यावर खूण करतो. चेंडूवर छापलेल्या आकड्याखालचा लाल ठिपका ही बाबांची खूण. त्यांनी ती महाराजांना दिली होती, आणि मी खेळायला लागलो तेव्हा एक ठिपका देऊन टाकला म्हणून मला दोन दिले. आज पाहिलं तर महाराज अजून तोच एक ठिपका काढतात! बाबांना हाकललं, पण त्यांची खूण शुभ म्हणून ठेवून घेतली. आमचे चेंडू एकाच कंपनीचे आहेत. गवतात घोटाळा होऊ शकतो. मी माझे ठिपके निळे करू का? कोणीही शहाणा माणूस करेल. लगेच कळव.

बाबांना माझा नमस्कार मनातल्या मनात सांग. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
भुंगा

*

ता. ९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

चि. भुंगा यास,
अ. उ. आ.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, म्हणून उभ्या उभ्या लिहिते. खबरदार निळे केलेस तर! ठिपके आपल्या बापाचे आहेत. बदलायचे तर त्याने बदलावेत. चेंडू नीट बघून मारणं हे ज्याचं त्याचं काम आहे, आणि त्या माणसाची नजर मला पक्की ठाऊक आहे. ती स्वतःच्या फोटोपलीकडे जात नाही, आणि त्याला माझ्या दुकानात कुठलाही नंबर निघायचा नाही.

शेजारणीचा टीव्ही आज आपल्याकडे आणते आहे. बाबा उठून गेले तर गेले.

आशीर्वाद नेहमीचेच, आज दुप्पट.
ताई

*

ता. १० नोव्हेंबर, सोमवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टीव्हीवर तू पाहिलंच असशील, पण जे टीव्हीवर दिसलं नाही ते सांगतो.

सुरुवातीला खेळाडूंनी एकमेकांना चेंडू दाखवायचा, ही आमची रीत. मी चेंडू त्याच्यासमोर धरला, दोन लाल ठिपके म्हणालो. त्याने बघितलंसुद्धा नाही. फोटोवाल्यांकडे तोंड करून म्हणाला की तुझा चेंडू तळ्यात असेल, तो ओळखायला मला काय अडचण? लोक हसले. मीही हसलो, आणि तेव्हाच मनातला उरलासुरला निळा रंग पुसून टाकला.

दिवसभर आमची ओढाताण चालली. तो पुढे जायचा, मी गाठायचो. शेवटची तीन होल राहिली तेव्हा आम्ही बरोबरीत होतो. तिथे दोघांचेही फटके उजवीकडे, उंच गवतात गेले. महाराज माझ्या आधी पोचले. एक चेंडू जरा मोकळ्यात होता, त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि चुटकी वाजवून काठी मागितली. मी शेजारी पोचलो, पाहिलं, तर माझे दोन ठिपके वर तोंड करून माझ्याकडे बघत होते.

ताई, त्याचा कॅडी म्हणाला की साहेब, एकदा वाकून खूण बघा. महाराजांनी ऐकलं नाही. तो पुन्हा म्हणाला. महाराज म्हणाले की बॅग वाहणाऱ्याने बॅग वाहावी. माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो गिळला, खाली बसलो आणि बुटाची नाडी बांधायला लागलो. फटका काय सुंदर बसला! चेंडू थेट ग्रीनच्या कापलेल्या हिरवळीवर, झेंड्याजवळ. टाळ्या थांबेपर्यंत मी थांबलो. मग पुढे जाऊन दुसरा चेंडू गवत बाजूला करून दाखवला. त्यावर एकच ठिपका होता. मी रेफरीला हात केला.

दोन फटक्यांचा दंड, आणि स्वतःचा चेंडू त्याच जंगलातून पुन्हा मारायचा. महाराजांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि मग तू सांगितलंस अगदी तसंच, तो गर्रकन वळला, कॅडीकडे बोट केलं आणि ओरडला की या माणसाने मला चुकीचा चेंडू दाखवला.  त्या बिचाऱ्याने खांद्यावरची बॅग हळूच खाली ठेवली आणि तो तिच्या पट्ट्याकडे बघत राहिला.

मी रेफरीला मोठ्याने सांगितलं की हे खोटं आहे. यांनी दोनदा बजावलं, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आणि या गृहस्थांनी पूर्वीही हेच केलंय, तेव्हाच्या कॅडीनेही दोनदाच बजावलं होतं आणि ते माझे वडील आहेत. कॅमेरा तिथेच होता. महाराजांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांचं तोंड उघडं राहिलं आणि गर्दीतून कोणीतरी शीळ घातली. मला इतकं बरं वाटलं की ते लिहायची लाज वाटते, तरी लिहितो.

करंडक एका फटक्याने आपला. दंड नसता तर त्याचा होता, हे मला माहीत आहे. संध्याकाळी त्याने कॅडीला काढून टाकलं असं ऐकलं.

चेंडू माझा आहे हे मला आधीच दिसलं होतं, एवढं बाबांना सांगू नकोस. नियमाने मी बोलायला बांधलेला नव्हतो. तू सांग, बाबा काय म्हणाले? त्यांनी पाहिलं का?

उत्तराची वाट बघतो. लोभ कमी झाला असेल तर तेही कळव.

तुझा,
भुंगा

*

ता. ११ नोव्हेंबर

चि. विजयी भुंगा यास,
अनेकानेक उत्तम आशीर्वाद.

लोभ कसला कमी होतोय, वेड्या! मी खुर्चीवर चढून नाचले, शेजारीण टीव्हीसाठी देव पाण्यात घालून बसली होती. काल दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला अक्षरं वाचायच्या आधी तुझी गोष्ट ऐकावी लागली. महाराजांच्या त्या उघड्या तोंडाचा फोटो पेपरात आलाय, मी कापून काउंटरच्या काचेखाली लावलाय. नियमाने बांधलेला नव्हतास ना, मग झालं तर! चांगली जिरवलीस.

बाबा चपला घालून निघाले होते, पण दारातच थांबले. मग आत येऊन कोणाची तरी बॅग मांडीवर घेऊन बसले, चेन लावतोय असं दाखवत. महाराजांनी कॅडीकडे बोट केलं तेव्हा बाबांचा हात थांबला. तू बोललास तेव्हा उठून आत गेले, आणि मोरीत बराच वेळ पाणी वाहत होतं. तुझ्या नाडीबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. आज सकाळी मात्र माझ्याकडे कागद मागितला. ते पत्र सोबत आहे. मला वाचू दिलं नाही, पाकीट स्वतः चिकटवलं.

लवकर ये. तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई

*

ता. ११ नोव्हेंबर

चि. भुंगा यास,
अनेक आशीर्वाद.

लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

खेळ पाहिला. वाऱ्यात तू काठी जरा खाली धरतोस ते चांगलं करतोस. तो मान खाली घालून शेवटच्या ग्रीनवरून गेला, तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी त्याला मनातल्या मनात रोज तसा चालवत होतो. तू सगळ्यांसमोर बापाचं नाव काढलंस, ते ऐकून मी आत जाऊन रडलो. ताईला कळलं असेलच, तिला सगळं कळतं.

पण टीव्हीवर ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवत होते. त्याने काठी उचलली तेव्हा तू बुटाची नाडी बांधत होतास. तुला नाडी मी शिकवली आहे. दुहेरी गाठ, ती दिवसभर चाललं तरी सुटत नाही.

महाराजांचा राग मला आलाच. पण माझ्या दिवशी माझ्यासमोर वाकून बसलेला जो होता, त्याचं तोंडही मी कधी विसरलो नाही. त्याने नंतर तोंड उघडलं नाही, तू उघडलंस. एवढा फरक आहे आणि तो मी धरला आहे. पण आधी उघडलं असतंस तर त्या कॅडीची रोजीरोटी गेली नसती. त्याने बॅग कशी खाली ठेवली ते मी पाहिलं. मीही तशीच ठेवली होती.

त्याला शोध. तुझ्या मित्राला घरी पाठवून दे आणि आजपासून तुझी बॅग त्याच्या खांद्यावर राहील. नाही म्हणाला तर पुन्हा विचार, पुन्हा नाही म्हणाला तर मला कळव, मी येतो. दोघं मिळून घरी या. करंडक त्याने उचलून आणला तर मी दारात उभा राहीन. तू एकट्याने आणलास तर मी चपला घालून बाहेर गेलेला असेन.

तब्येतीला जप.

तुझा,
बाबा